बोट एकीकडे, तोंड एकीकडे

पारोळ्याच्या अलीकडे बसमध्ये मला माझाच आवाज ऐकू आला. मी तोंड मिटून बसलो होतो. खिडकीची काच थडथडत होती, बाजूच्या काकू पिशवीवर डोकं टेकून झोपल्या होत्या, आणि मागच्या कुठल्या तरी सीटवरून मी म्हणालो, "थांबा नाना. बोट एकीकडे, तोंड एकीकडे." मग कुणीतरी हसलं. मग तेच परत सुरू झालं. आधी नानांचा आवाज, खर्जातला, पोथी म्हणतानाचा. मग मी. मग मध्येच एक टुणटुण म्युझिक, जे आमच्या वर्गात कधी वाजलं नव्हतं, आणि खूप माणसांचं हसणं, जी माणसं वर्गात नव्हती. मला वाटलं खिशात माझाच फोन चालू झाला. खिसा दाबला. फोन गप्प. मागं वळून बघायचं धाडस होईना. मानेवर, जिथं न्हावी शेवटी वस्तरा फिरवतो तिथं, गार पडलं. मी एवढंच करू शकलो की पुढच्या सीटच्या दांडीला धरलं आणि वाट बघितली की मागचा माणूस दुसरं काहीतरी लावेल. त्यानं लावलं नाही. त्याला ते आवडलं होतं. तो शेजारच्याला दाखवत होता, आणि शेजारचा म्हणत होता की म्हाताऱ्याला काही येत नाही आणि ऐट बघ कशी.

तो व्हिडिओ मीच काढला होता. मी जळगावला चाललो होतो तेही त्याच्यासाठीच. धुळ्यात मी मोबाइल रिपेअरच्या दुकानात काम करतो, आणि संध्याकाळी देवपुरातल्या शाळेची एक खोली मिळालीय तिथं मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवतो. माझं शिक्षण सांगण्यासारखं नाही. आठवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं मोबाइलवर आणि रद्दीतून. साक्षरता वर्गासाठी स्वयंसेवक पाहिजेत असं कळलं तेव्हा मी गेलो, कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही म्हणून टिकलो. आमच्या सगळ्या स्वयंसेवकांचा एक ग्रुप आहे, धुळे-जळगाव दोन्हीकडचा. मेघा मॅडम तो बघतात. त्यांनी विचारलं होतं की तुझ्या वर्गातली माणसं लवकर कशी वाचायला लागतात, तू काय करतोस, आमच्या ट्रेनिंगमध्ये येऊन सांग, आणि आधी एक छोटा व्हिडिओ टाक. मला इतका आनंद झाला होता की मी दुकानात दोन गिऱ्हाइकांचे फोन एकमेकांच्या कव्हरात घातले. आयुष्यात मला कुणी विचारलं नव्हतं की तू हे कसं करतोस. मी व्हिडिओ टाकला. आणि आता तो बसमध्ये माझ्या मागं बसला होता.

नाना म्हणजे जीवराम नाना. सोनगीरच्या पुढं आत त्यांचं गाव. वर्गात पहिल्यांदा आले तेव्हा स्वच्छ धोतर, टोपी, आणि काखेत लाल कापडात गुंडाळलेली पोथी. मला वाटलं हे कुणाला तरी सोडायला आले. मी म्हटलं, बसा नाना, काय वाचता येतं बघू. त्यांनी कापड सोडलं, पोथीला कपाळ लावलं आणि सुरू झाले. असं वाचन मी ऐकलंच नव्हतं.  मी मनात म्हटलं, हा माणूस इथं कशाला आला, यानं मला शिकवावं. मग मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्यांचं बोट पानाच्या वरच्या ओळीवर होतं. तोंड पान संपवून पुढं गेलं होतं. बोट तिथंच, नुसतं हलत, दिव्याजवळ पाखरू हलतं तसं. त्यांना एक अक्षर येत नव्हतं. वडील गावच्या मारुतीच्या मंदिरात श्रावणभर पोथी वाचायचे, हे शेजारी बसून ऐकायचे. वडील गेले, लोकांनी यांना पाटावर बसवलं, आणि यांना सांगता आलं नाही. तेव्हापासून दर श्रावणात नाना पाठ असलेलं म्हणत होते आणि पानं उलटत होते. कुठं उलटायचं ते त्यांना जुन्या पोथीचे डाग सांगायचे. तेलाचा डाग आला की हे संपलं, कोपरा फाटलेला आला की राजा वनात गेला, हळदीचं बोट लागलंय तिथं राणी रडते. सगळ्या गावाला वाटायचं नाना वाचतात. कमलबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोलासुद्धा. मग जुनी पोथी पार भुगा झाली, रीतीप्रमाणे नदीत सोडली, आणि गावातल्या प्रेमराजनं आईच्या नावानं नवी कोरी पोथी आणून दिली. नव्या पोथीवर एक डाग नव्हता. म्हणून नाना माझ्याकडं आले. गावात कुणाला कळू नये म्हणून धुळ्यापर्यंत. घरी सांगायचे, दवाखान्यात चाललो.

माझी पद्धत, जी मला जळगावला सांगायची होती, ती त्या दिवशी नानांमुळंच सापडली. पुस्तकात कमळ-बदक-घर असतं. मोठ्या माणसाला कमळ-बदकाची लाज वाटते. मी म्हटलं, जे तुम्हाला पाठ आहे तेच आपण वाचू. ओवी, आरती, लग्नातलं गाणं, काहीही. शब्द तुमच्या तोंडात आहेतच, फक्त बोट त्यांच्याखाली आणायचं. एक शब्द, एक बोट. बोट आणि तोंड वेगळं झालं की थांबायचं, मागं जायचं. आकडे पण असेच. ओवीच्या शेवटी नंबर असतो, तो बोलल्याशिवाय पुढं जायचं नाही, मग शंभरपर्यंत आपोआप होतं. खातूनबी त्यांच्या शादीच्या गाण्यावर शिकल्या, कोकिळाताई आरतीवर. नाना पोथीवर. नाना सगळ्यात मागं राहिले, कारण त्यांना सगळ्यात जास्त पाठ होतं. तोंड धावायचं. खातूनबी म्हणायच्या, "मास्तर, इन नाना की गाडी पटरी छोड के चलती है." नानाही हसायचे. तिथं हसणं चालायचं. तिथं सगळेच पटरी सोडून चालत होते.

व्हिडिओ काढला त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं. माझ्या फोनकडं बघत, टोपी सरळ करत. "मास्तर, हाई कोनले दखाडशी?" मी सांगितलं, आमच्या मॅडमला आणि इतर शिकवणाऱ्यांना, ग्रुपवर, बाकी कुणाला नाही. त्यांनी पोथी मिटून लाल कापडात गुंडाळली. म्हणाले, "तुन्हा सरलोकेसले दखाड. गावले नको." मी हो म्हटलं. मला खरंच वाटत होतं की ग्रुप म्हणजे खोली असते आणि तिला दार असतं. मोबाइलचं काम करणाऱ्या माणसाला असं वाटावं. रोज मी लोकांचे फोन उघडतो, एका फोनातून दुसऱ्यात काय काय जातं ते मला माहीत आहे.

एरंडोलला मागचा माणूस उतरायला उठला तेव्हा मी बघितला. माझ्याच वयाचा, पाठीवर सॅक, चांगला चेहरा. मी विचारलं, दादा, तो व्हिडिओ कुठं मिळाला. तो म्हणाला, सगळ्या ग्रुपवर आहे, भारी आहे ना म्हातारा, पाठवू का तुम्हाला. मी नंबर दिला. का दिला माहीत नाही. नको म्हणायला सुचलं नाही. तो पायरीवर असतानाच माझ्या खिशात फोन थरथरला, आणि पुढचा सगळा रस्ता तो मांडीला लागून होता, जिवंत काहीतरी ठेवल्यासारखा. मी उघडला नाही. मी नानांच्या गावातले फोन मोजायला लागलो. किराणावाल्याकडं एक. प्रेमराजकडं तर दोन, त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. शाळेतली पोरं. डेअरीवर रोज सकाळी सगळे खिशातून काढून उभे राहतात. मग मोजणं सोडलं. गाव म्हणजे फोनच आहे, कुठं मोजत बसणार. आणि आज श्रावणातला दिवस होता. संध्याकाळी नाना पाटावर बसणार होते.

जळगावच्या स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाला दालमिलच्या वासाबद्दल काहीतरी सांगत होता, मी हं हं म्हणत नानांना फोन लावत होतो. लागत नव्हता. कमलबाईंचा नंबर माझ्याकडं नाही, कधी घेतलाच नाही, कारण त्यांना माझं अस्तित्वच माहीत नव्हतं. हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि माणसं बऱ्यापैकी होती, बहुतेक शाळेतले सर आणि मॅडम, इस्त्रीचे कपडे. मेघा मॅडमनी माझं कौतुक करून मला पुढं बोलावलं. त्या चांगल्या आहेत. मी त्यांना कोपऱ्यात सांगायचा प्रयत्न केला की मॅडम, व्हिडिओ बाहेर गेलाय, म्युझिक लावून. त्या म्हणाल्या, हो मी पण बघितला, कुणाचा तरी आगाऊपणा आहे, पण अमृत, बघ ना, विषय लोकांपर्यंत पोहोचला. आणि त्यांनी तो भिंतीवर लावला. बिनम्युझिकचा, मूळ. नानांचं बोट भिंतीवर माझ्या हाताएवढं मोठं झालं. नखात हळद अडकलेली दिसत होती. "थांबा नाना," भिंतीवरचा मी म्हणालो, आणि हॉल हसला. वाईट नाही हसला. मायेनं हसला. मला दोन्ही हसण्यांत फरक ऐकू येत होता आणि तरी माझ्या मानेवर तेच गार पडलं, कारण हसणं कुठल्याही जातीचं असो, नानांचं तोंड भिंतीवर उघडंच राहिलं होतं.

मी बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. एक शब्द एक बोट, ओवीचे नंबर, कमळ-बदकाची लाज, सगळं बोललो असणार, कारण लोक वहीत उतरवत होते. मग प्रश्न झाले. एका सरांनी विचारलं की वाचतोय की म्हणतोय हे ओळखायचं कसं. ते मला येत होतं. मधला शब्द झाकायचा, नाहीतर शेवटच्या ओवीपासून उलटं वर यायला सांगायचं. मग रावेरच्या एक बाई उठल्या, सुनंदाबाई, केळीच्या पॅकिंगवरच्या बायकांना शिकवतात. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सर, वाचायला यायला लागल्यावर पाठ होतं ते राहतं का?" मी म्हटलं, राहतं की. त्या म्हणाल्या, माझ्याकडं एक आजी आहेत, जात्यावरच्या ओव्या त्यांना किती पाठ होत्या, तुमच्यासारखंच मी त्यांच्याच ओव्या लिहून त्यांना वाचायला दिल्या, आता वाचतात, पण कागद नसला की म्हणता येत नाही. अडतात. मी काय केलं असेल?

मी पाणी प्यायलो. मला ते माहीत होतं. मागच्या आठवड्यात नाना वर्गात पोथी म्हणत होते, बोट बरोबर शब्दाखाली, आणि एका ठिकाणी ते थांबले. चुकले नाहीत, नुसते थांबले. मी म्हटलं, काय झालं. ते म्हणाले, "मास्तर, आते डोया आडवा येस." आधी तोंड सरळ जायचं, आता डोळा मध्ये येतो, अक्षराला धरून बसतो, आणि तेवढ्यात पुढचं निघून जातं. मी त्यांना म्हटलं होतं, होईल सवय, सुरुवातीला असं होतं. मला काय माहीत होतं सुरुवातीला काय होतं. मी काय असे शंभर नाना शिकवलेत. हॉलमध्ये सुनंदाबाई अजून उभ्या होत्या, उत्तराची वाट बघत, आणि मला एकदम दिसलं की नानांचं दोन्ही बाजूंनी गेलंय. वाचता धड येत नाही, आम्ही अजून पहिल्याच अध्यायात. म्हणता येत होतं तेही मी ढिलं करून ठेवलं. आणि आज संध्याकाळी सगळं गाव, खिशात तो व्हिडिओ घेऊन, त्यांच्यासमोर बसणार. मी सुनंदाबाईंना म्हटलं, मला माहीत नाही. हॉलमध्ये तेवढं एकच वाक्य मी पूर्ण खरं बोललो.

जेवणाच्या रांगेत फोन वाजून बंद झाला. नानांचा व्हॉइस मेसेज. त्यांना मेसेज टाईप करता येत नाही, पण बटण दाबून बोलायला मीच शिकवलं होतं. "मास्तर, सांजले मंदिरमा ये. पोथी शे." बस. मी तो परत परत ऐकला. आवाजात राग शोधला, रडणं शोधलं. काही नव्हतं. मागं एक बकरी ओरडत होती. माणूस रागावला की बरं असतं, पुढं काय ते कळतं. मी ताट ठेवून दिलं आणि मेघा मॅडमना न सांगता निघालो. परतीच्या बसमध्ये मी तोंडातल्या तोंडात सांगण्यासारखं जुळवत होतो. मी सांगेन की तो व्हिडिओ नाटकाचा आहे. मी सांगेन की नाना मला मदत करत होते, न येणाऱ्या माणसाचं सोंग करत होते, शिकवणाऱ्यांना दाखवायला. हे मला फार पटलं. पारोळा येईपर्यंत पटलं. मग मला दिसलं की मी हे बोलतोय आणि कुणीतरी म्हणतंय, बरं, मग नाना, वाचा.

धुळ्याहून सोनगीर, तिथून आत एक भरलेली रिक्षा. मी मागं पाय बाहेर सोडून बसलो होतो. सोनगीरचा किल्ला मागं गेला, रस्त्याला कपाशी, ढग होते पण पाऊस पडत नव्हता. मंदिराशी उतरलो तेव्हा दिवे लागत होते. आत माणसं रोजच्यापेक्षा जास्त असावीत, कारण चपला पार ओट्याखाली आल्या होत्या. कमलबाई पायरीवरच भेटल्या. मी कोण हे मी सांगितलं नाही, त्यांनीच ओळखलं. व्हिडिओतल्या आवाजावरून नसेल, मी फक्त नमस्कार म्हटलं होतं. असेलही. त्या म्हणाल्या, "सकायपाईन जेवनात नहीत त्या." नाना सकाळपासून उपाशी होते. मग त्या बाजूला झाल्या, मला जायला जागा देत. एवढंच. मला वाटलं होतं त्या मला शिव्या देतील.

नाना पाटावर होते. स्वच्छ धोतर, टोपी, समोर लाकडी स्टँडवर नवी पोथी, शेजारी समई. आरशासमोर बसल्यासारखे ते पानाकडं बघत होते. सुरू केलं नव्हतं. पुरुषांच्या बाजूला प्रेमराज पुढं बसला होता. जाडजूड माणूस, पांढरा शर्ट, फोन गुडघ्यावर पालथा. मला वाटलं होतं तो हसत असेल. त्याचा चेहरा आजारी माणसासारखा होता. मी खांबाला टेकलो. खांब गार होता आणि माझी पाठ घामानं ओली, ते दोन्ही मला एकाच वेळी कळत होतं. प्रेमराज मोठ्यानं बोलला नाही. मागच्यांना पुढं सरकावं लागलं. "नाना, मन्ही माय जाई राह्यनी तवय तुम्ही जे वाचं, ते काय व्हतं?"

 मला नंतर कळलं, पण तिथंच कळल्यासारखं झालं. त्याची आई आठ-दहा दिवस बोलत नव्हती, नाना रोज तिच्या उशाशी बसून अध्याय म्हणायचे, आणि ती ऐकत ऐकत गेली. गावात म्हणायचे, प्रेमराजच्या आईला पोथी कानात घेऊन जाता आलं. आता त्याला वाटत होतं की तिच्या कानात काय घातलं कोण जाणे. नानांनी मान वर केली नाही. म्हणाले, तोच अध्याय, दुसरा काय. प्रेमराज म्हणाला, "मंग आज मी सांगस ती ओवी काढा." आणि त्यानं अध्याय सांगितला, तोच, आणि मधलाच एक नंबर. सत्तेचाळीस.

 तो अध्याय आम्ही वर्गात उघडलाही नव्हता. नानांनी पानं उलटली. जिभेला बोट लावून, एकेक. अध्यायाचा आकडा बघून थांबले. मग बोट ओव्यांच्या शेवटच्या नंबरांवरून खाली उतरायला लागलं, आणि ओठ हलत होते, एकेचाळीस, बेचाळीस. त्रेचाळीसवर पान संपलं. त्यांनी उलटलं. सगळं मंदिर त्या बोटाबरोबर खाली चाललं होतं. बोट थांबलं. आणि ते वाचायला लागले. खर्जात नाही. आमच्या वर्गातल्या आवाजात, अडत, एकेक शब्द, मध्ये मोकळी जागा सोडून. राजा वनात चुकला. तहानेनं जीव चालला. एका झोपडीपाशी आला. बायकांच्या बाजूला कुणीतरी हळूच पदर तोंडाला लावला. ते वाचत होते. खरं वाचत होते, पाठ म्हणत नव्हते, मला माहीत होतं, कारण पाठ म्हणताना त्यांना दम लागत नाही. प्रेमराजनं फोन उचलून खिशात टाकला. तेवढ्यात नाना थांबले.

ते खालची ओळ बघत होते. मग वरची. मग परत खालची. पान उलटून पलीकडं बघितलं, परत आले. आणि मंदिरातल्या एवढ्या माणसांतून त्यांनी मला शोधलं. मी खांबाच्या मागं अर्धा होतो तरी शोधलं. "मास्तर, मन्हा बापनी ओवी आठे नही शे."

सगळे माझ्याकडं वळले. बापाची ओवी इथं नाही म्हणे. मी पुढं गेलो, कारण पाय गेले. वाकून बघितलं. राजा झोपडीपाशी आला, आणि पुढच्या ओवीत एकदम राजवाड्यात होता. मध्ये काही नाही. मी म्हटलं, कुठली ओवी नाना. उत्तर बायकांच्या बाजूनं आलं, दोघी-तिघींच्या तोंडून एकदम, सहज, जसं सगळ्यांना येतं तसं:

"दारी आला तान्हेला, नावगाव न पुसे त्याला,
आधी तांब्या पुढे केला, तो देवासी पावला."

त्या गावात पाहुण्याला पाणी देताना म्हणतात ती. मी नानांच्या तोंडून कितीदा ऐकली होती, माठातून पाणी घेताना, पोथीतली आहे असंच वाटायचं. प्रेमराज उठला. त्यानं पोथी स्वतःकडं फिरवली. तो शिकलेला आहे, त्यानं भराभर बघितलं, मागं पुढं, मग हळू बघितलं. त्याच्या आईनं जाताना ऐकलेली ओवी तीच असणार. त्याच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली, माणसाची नाही, त्याच्या तोंडावरच्या त्या रिकाम्या जागेची. जुन्या पोथीत असेल, कुणीतरी म्हणालं. जुनी पोथी नदीत गेली होती. नानांच्या वडिलांनीच घातली असेल, दुसरं कुणी म्हणालं. ते केव्हाच गेले होते. विचारायला कुणी नव्हतं आणि बघायला काही नव्हतं. आणि सगळे अजूनही माझ्याकडं बघत होते, कारण मी मास्तर होतो. मी वर्गात रोज सांगायचो, बोटाखाली असेल तेवढंच वाचायचं, तोंडातलं नाही. नानांनी तेच केलं होतं. आता त्यांना विचारायचं होतं की मग बापाचं काय करू. 

नानांनी माझ्या खिशाकडं हात केला. "पेन दे." मी दिला. आधी मला कळलं नाही. मग कमलबाई दारातून नको नको म्हणत पुढं आल्या, पोथीवर कुणी लिहितं का. प्रेमराजनंही हात पुढं केला, आणि तसाच ठेवला. नानांनी पानाच्या कडेला, जिथं छापलेलं संपतं आणि पांढरं उरतं, तिथं लिहायला घेतलं. पेन टेकवायचे, ओठ हलायचे, मग रेघ. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या मनातलं कधी लिहिलं नव्हतं. फळ्यावरचं उतरवलं होतं, नाव लिहिलं होतं. समईची वात दोनदा कुणीतरी वर केली. आरतीची वेळ होऊन गेली.  मी बाजूला उकिडवा बसलो होतो. लिहून झाल्यावर त्यांनी वरची रेघ शेवटपर्यंत ओढली, पोथी प्रेमराजकडं सरकवली आणि म्हणाले, "आते तू वाच."

प्रेमराजनं वाचलं. वरचं छापलेलं, मग कडेचं, मग खालचं छापलेलं, आणि मध्ये तो थांबला नाही. राजा झोपडीपाशी आला, कुणीतरी नाव न विचारता तांब्या पुढे केला, राजा राजवाड्यात गेला. ऐकताना कुठं शिवण लागत नव्हती. देवासी पावला म्हणताना त्याचा आवाज फाटला, आणि मंदिरातल्या सगळ्या माणसांनी हात जोडले. पोथीत ओवी आली की जोडतात तसे.

मी पानाकडं बघत होतो. निळी शाई अजून चमकत होती. ओवीतले सगळे त पोट सुटलेले होते, आणि वेलांट्या टोपीसारख्या एका बाजूला कललेल्या. ते माझं अक्षर होतं. मला कुणी नीट शिकवलं नाही म्हणून माझा त तसा निघतो, मी फळ्यावर तसाच काढतो, आणि वर्गातल्या सगळ्यांचा आता तसाच निघतो. पुढच्या श्रावणात हे पान कुणीतरी उघडेल, त्याच्या पुढच्या श्रावणात दुसरं कुणी, आणि कुणालाच माहीत नसेल की या कडेला आधी काहीच नव्हतं. मला सकाळपासून वाटत होती ती भीती केव्हाच गेली होती. ही दुसरी होती, मोठी, आणि तिला कुठं ठेवू ते मला कळेना. मी नानांकडं बघितलं. ते हसतील, मला वाटलं, नाहीतर रडतील. नानांनी टोपी सरळ केली, डोळे मिटले आणि स्वतःच लिहिलेल्या त्या ओळीसमोर हात जोडले.